मोहटोल्याचे क्रीडासंकुल

जमिनीवर जे असते ते तात्पुरते असते आणि कागदावर जे असते ते कायमचे, हे ज्याला वेळेवर कळले त्याला आयुष्यात फारसा मनस्ताप होत नाही. झाड पडते, पूल खचतो, शाळेचे छप्पर उडून शेजारच्या शेतात जाते, माणसे तर मरतातच. कागदावर मात्र एकदा 'शाळा' असे लिहिले की तिथे पटसंख्येसह शाळा राहते. (पटसंख्या दरवर्षी थोडी वाढते, हा कागदाचा आणखी एक गुण.)

या बाबतीत भंडारा जिल्ह्यावर नशीब मेहेरबान आहे. येथे बदलून आलेल्या प्रत्येक नियोजन अधिकाऱ्याने पहिल्या तीन महिन्यांत दोन गोष्टी केल्या: परत बदलीचा अर्ज आणि एक विकास आराखडा. अर्ज बहुधा मंजूर झाले. आराखडे राहून गेले. गेल्या साठ-सत्तर वर्षांत असे इतके आराखडे साठले की ते ठेवण्यासाठी एक दालन, मग दुसरे दालन, आणि शेवटी दालनांचाच एक आराखडा करावा लागला. त्या पत्र्याच्या पेट्यांमध्ये आपल्या जिल्ह्याचे भविष्य गुंडाळी करून ठेवलेले होते आणि ते उधळी, म्हणजे वाळवी, खात होती.

हे नकाशे काढण्याची एक जुनी पद्धत होती, ती इथे सांगून ठेवतो. जे प्रत्यक्षात आहे ते आरेखकाने काळ्या शाईने काढायचे आणि जे पुढे करायचे योजले आहे ते लाल शाईने. काळी शाई कमी लागे. लाल शाईची मागणी दर तिमाहीला नोंदवावी लागे.

तर या आराखड्यांची मुक्तता करण्यासाठी दोन वर्षांपूर्वी 'जुने आराखडे मुक्ती कक्ष' स्थापन झाला. कल्पना थोर होती. सर्व जुने नकाशे स्कॅन करायचे, कृत्रिम बुद्धिमत्तेकडून ते वाचून घ्यायचे, आणि मग एकाच नकाशात जोडून सर्वांच्या फोनवर मोकळे सोडायचे. मी या कक्षाच्या सल्लागार समितीवर अशासकीय सदस्य आहे. भूगोल हा विषय आयुष्यभर शिकवल्यामुळे कोणत्याही नकाशापुढे मान डोलावण्याचा मला सराव आहे, आणि समितीचे काम मुख्यतः तेच असते. चहा चांगला असतो.

नकाशे वाचणाऱ्या यंत्राचे नाव स्पर्धा घेऊन 'नकाशासखा' असे ठरवण्यात आले. सखा ज्या साधनांवर उभा आहे ती सारी मुक्तस्रोत आहेत, म्हणजे जगात कोणीही घ्यावीत, वापरावीत, दुरुस्त करावीत आणि त्यासाठी छदामही देऊ नये अशी. इथेच पहिली अडचण आली. फुकट वस्तू घेण्याची तरतूद खरेदीच्या नियमांत नाही. तीन दरपत्रके मागवली, तिन्ही शून्याची आली. त्यांतले सर्वांत कमी कोणते यावर लेखा शाखेने दोन महिने विचार केला आणि फेरनिविदा काढण्यास सांगितले. शेवटी कक्षप्रमुख ज्योत्सना कापगते यांनी तोडगा काढला. त्यांनी एक लोखंडी कपाट खरेदी केले आणि सॉफ्टवेअर त्या कपाटासोबत आले असे दाखवले. (आजही नोंदीनुसार सखा हे दोन दारांचे कपाट आहे. गंज चढू नये म्हणून त्याला गेल्या वर्षी रंग दिला.)

दुसरी अडचण त्याहून लहान होती. स्कॅनिंगची मंजुरी काळ्या-पांढऱ्या प्रतींची होती. रंगीत प्रतींसाठी वेगळी मंजुरी लागली असती, आणि वेगळी मंजुरी मागायची तर आधीची का अपुरी पडली याचा खुलासा करावा लागला असता. खुलासा कोणालाच नको होता. म्हणून सगळे नकाशे काळ्या-पांढऱ्यात स्कॅन झाले आणि त्यांवरच्या सगळ्या लाल रेघा काळ्या झाल्या.

ही गोष्ट कक्षात सर्वांना माहीत होती, हे मी मुद्दाम सांगतो. बाहेर उगीच असा समज आहे की सरकारी माणसाला कळत नाही. त्याला सगळे कळते. फक्त कळलेले कोणत्या नमुन्यात भरायचे ते ठरलेले नसते.

सखाने कामाला सुरुवात केली आणि एका आठवड्यात भंडारा जिल्हा विकसित झाला. जे जे आजवर कोणी योजले होते ते सगळे नकाशावर एकदम उभे राहिले. ग्रामीण रुग्णालये सहा. पूल अकरा, त्यांतले दोन एकाच ठिकाणी, कारण दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांना ती जागा आवडली होती. बाजारसंकुले, एक पक्षिसंग्रहालय, चर्मोद्योग प्रशिक्षण केंद्र, आणि करडीजवळ धानाच्या बांध्यांतून तिरपी गेलेली एक विमानाची धावपट्टी. उधळीचा वाटाही विसरता येत नाही. तिने नकाशांना जी गोल भोके पाडली होती ती काठ असलेली पांढरी वर्तुळे म्हणून स्कॅन झाली आणि अशी वर्तुळे म्हणजे तलाव, हे सखाला शिकवलेले होते. तलावांचा जिल्हा म्हणून आपली ओळख आहेच, त्यात उधळीने सतरा तलावांची भर घातली.

समितीच्या बैठकीत हा नकाशा भिंतीवर दाखवण्यात आला. मग मी मान डोलावली आणि बाकीच्यांनीही डोलावली.

लाभ लगेच दिसू लागले. करडीच्या ग्रामसभेने रुग्णवाहिकेची मागणी केली होती. गावाला धावपट्टी असताना रुग्णवाहिकेची गरज काय, असे त्यांना सविनय विचारण्यात आले. एका गावाने पूल मागितला, त्यांना अस्तित्वातील पुलाचा जपून वापर करण्याची सूचना गेली. मागण्यांची टपालशाखा हलकी झाली. जिल्ह्याला राज्यपातळीवरचे एक मानचिन्ह मिळाले, ते कपाटात ठेवले आहे.

अशा या आनंदात मे महिन्याच्या सुरुवातीला धुरपताबाई नान्हे कक्षात आल्या.

धुरपताबाई या मोहटोला येथील मच्छीमार सहकारी संस्थेच्या अध्यक्ष. मोहटोला हे साकोली तालुक्यात, एकोडीहून आत गेल्यावर लागणारे ढिवरांचे गाव. गावाला लागून मोठा तलाव आहे. (असे गावाचे म्हणणे.) मासेमारीचा ठेका पिढ्यान्‌पिढ्या याच लोकांकडे, दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते. ते यंदा होते. कागद घेऊन त्या आल्या तर संगणकाने अर्ज घेतला नाही. १९८४ च्या आराखड्यात कोण्या उत्साही अधिकाऱ्याने त्या तलावाच्या जागी भर घालून तालुका क्रीडासंकुल योजले होते. लाल शाईने, ठसठशीत.

"मावशी, तुमच्या गावात तलावच नाही दाखवून राहिला," ज्योत्सनाताई पडद्याकडे पाहत म्हणाल्या. "क्रीडासंकुल हाये. तीन हजार लोकाइची बसाची सोय."

"तीन हजार?" धुरपताबाई म्हणाल्या. "आमी सारं गाव मिळून चारशे हावो, म्याडम. अन आमाले बसाले टाइम कुठं हाये. तलाव हाये ना जी तिथं. मी आत्ता तिकडूनच येऊन राहिली. हे सकाळी गळ्याइतक्या पान्यात होते."

'हे' म्हणजे त्यांचे पती बुधराम. ते शेजारीच उभे होते. बुधराम कमी बोलतात. त्यांनी हातातली प्लास्टिकची बादली टेबलावर ठेवली आणि वरचे फडके काढले. आत एक मरळ होती, चांगली हातभर लांब, आणि ती ज्योत्सनाताईंकडे पाहत होती.

"हा पुरावा," बुधराम म्हणाले.

मासा आवक शाखेकडे पाठवण्यात आला. आवक शाखेने तो परत पाठवला, कारण त्यावर शिक्का उमटत नव्हता. शिवाय हा मासा मोहटोल्याचाच आहे याबद्दल काय खात्री, असा प्रश्न तिथल्या लिपिकाने विचारला, आणि तो गैरवाजवी म्हणता येणार नाही. माशाजवळ रहिवासी दाखला नव्हता. जोडपत्राशिवाय आलेला कोणताही पुरावा ग्राह्य धरायचा नाही असे परिपत्रकच आहे.

ज्योत्सनाताईंनी मग सखालाच विचारले. हा त्यांचा चांगुलपणा, एरवी एवढे कोण करते. उपग्रहाच्या छायाचित्रात त्या जागी निळे दिसते, ते काय आहे, असे त्यांनी टंकलिखित केले. सखाने क्षणात उत्तर दिले. भाषा फार सभ्य होती. 'आपण उत्तम प्रश्न विचारलात. निळा भाग हे क्रीडासंकुलाचे निळ्या पत्र्याचे छप्पर असावे. हिवाळ्यात दिसणारा हिरवा भाग ही मैदानावरील हिरवळ असावी.' (ते शिंगाड्याचे वेल होते.) 'मे महिन्यातील छायाचित्रात मैदानावर क्रिकेटचा सामना चालू असल्याचे दिसते, त्यामुळे क्रीडासंकुल वापरातही आहे. खात्री सत्त्याण्णव टक्के.' उन्हाळ्यात पाणी आटून काठची जमीन उघडी पडते आणि पोरे तिथे खेळतात, हे खरे आहे. सखाने नाकारले काहीच नव्हते. उरलेल्या तीन टक्क्यांत त्याने पाणी, मासे आणि संस्थेचे सर्व सभासद सामावून घेतले होते.

"तुमाले पटून राहिलं का हे?" धुरपताबाईंनी विचारले.

"मले पटाचा सवाल नाही, मावशी. मी लहानपनी त्याच पाळीवर बोरं खाल्ले. एकोडीले माहा मामा राहाते. पन मले काय दिसते त्याच्यासाठी कॉलम नाही ना इथं."

धुरपताबाईंना घाई का होती ते सांगितले पाहिजे, नाहीतर त्या उगीच हुज्जत घालत होत्या असे वाटेल. पावसाळा लागला, तलाव भरला की त्यात बोटुकली सोडायची, म्हणजे बोटभर लांबीची माशाची पिल्ले. ती एका हंगामात मोठी होतात आणि त्यांच्यावर गावाचे वर्ष निघते. ठेका नसेल तर बोटुकली देणारे केंद्र पिल्ले देत नाही. तो हंगाम चुकला तर वर्षभर जाळी खुंटीला. संस्थेच्या पंचेचाळीस घरांपैकी कोणाकडे शेत नाही, असलेच तर मिरच्या लावण्यापुरते. माणसे मग वीटभट्टीवर जातात, आणि गेलेली सगळी परत येतात असे नाही. हे त्यांनी एकदाच सांगितले, आवाज न चढवता. मला वाईट वाटले. समितीच्या सदस्याने वाटून घ्यावे असे ते काम नव्हे, पण वाटले.

कक्षाने हात वर केले असे कोणी म्हणू नये. पहिला उपाय म्हणून संस्थेला पर्यायी तलाव देण्यात आला. तो दिघोरीजवळ होता, उधळीने दिलेल्या सतरांपैकी एक, नकाशावर अतिशय सुबक गोल. धुरपताबाई आणि बुधराम बस बदलत तिथे गेले. तो तलाव भैय्याजी नावाच्या शेतकऱ्याच्या खळ्यावर निघाला. भैय्याजी तिथे उन्हाळी धानाची मळणी करत होते.

"या, या," ते म्हणाले. "तुमी बी तलाव पाहाले आले का? मले तं नोटीस आली हाये. तलावात धान पिकवून राहिलो म्हनते मी. पंधरा दिवसांत धान काढा म्हनते. काहाडूनच राहिलो ना बाप्पा, दुसरं काय करून राहिलो."

त्यांनी दोघांना पाणी पाजले. पर्यायी तलावात मिळालेले एकूण पाणी तेवढेच.

दुसरा उपाय म्हणजे स्थळपाहणी. कक्षाचे सर्वेक्षक लिलाधर हटवार, ज्योत्सनाताई आणि समितीतर्फे मी असे तिघे मोहटोल्याला गेलो. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभे राहिलो. समोर पाणी होते. मे असल्यामुळे थोडे आत गेलेले, पण पाणीच. त्यावर दोन डोंगे होते, लाकूड कोरून केलेले. एक बाई काठाशी जाळे निवडत बसली होती. आमच्या मागे खाली धानाच्या बांध्या होत्या, त्यांना याच तलावाचे पाणी जाते. (सिंचनाची पाणीपट्टी मोहटोल्याचे शेतकरी नियमित भरतात. ती वसूल करणाऱ्या शाखेची यादी वेगळी आहे आणि तिच्यात क्रीडासंकुल नाही.)

"आता दिसला का, साहेब?" धुरपताबाई लिलाधरांना म्हणाल्या.

"दिसून राहिला, बाई. पन मोजल्याशिवाय दिसला म्हनता नाही येत."

मोजण्यासाठी ते फीत घेऊन डोंग्यात चढले. डोंग्यात बसायची एक रीत असते, वजन मधोमध ठेवावे लागते. लिलाधरांनी ते फितीच्या बाजूला ठेवले. बुधरामांनी त्यांना कॉलर धरून वर काढले. पंचनामा त्यांनी पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली, ओल्या कपड्यांत लिहिला. तो माझ्यासमोर झाला असल्याने मूळ शब्द देतो.

'समक्ष पाहणी केली असता सदर क्रीडासंकुलात मोठ्या प्रमाणावर पाणी साचलेले आढळून आले. निचऱ्याची व्यवस्था सदोष दिसते. प्रेक्षकांची बैठक व्यवस्था आढळून आली नाही, ती पाण्याखाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. शोध घेण्याकरिता पथकातील एक सदस्य मैदानात उतरले असता ते पूर्णतः बुडाले, यावरून मैदान समतल नाही हे सिद्ध होते. संकुलात मासे विनापरवाना वावरताना दिसले. स्थानिक रहिवासी सदर मासे पकडून मैदान स्वच्छ ठेवण्याचे काम विनामोबदला करीत असल्याचे सांगतात.'

शेवटचे वाक्य लिलाधरांनी धुरपताबाईंच्या भल्यासाठी घातले होते. पण ते वाचून क्रीडा शाखेने संस्थेला नोटीस काढली, की परवानगीशिवाय क्रीडासंकुलाची स्वच्छता करू नये.

आता एकच मार्ग राहिला आणि तो सर्वांत लोकशाहीचा होता. मुक्तस्रोत नकाशाचे मोठेपण असे की तो कोणा एका साहेबाचा नसतो, सर्व जनतेचा असतो. चूक असेल तर जनता ती दुरुस्त करते. ज्योत्सनाताईंनी वरिष्ठांकडे खेटे घालून मोहटोल्याचा प्रश्न नागरिक पडताळणीला लावून घेतला. (या खेट्यांत त्यांची रजा गेली आणि गोपनीय अहवालात 'भावनिक' असा शेरा आला.) म्हणजे महिनाभर, राज्यात जो कोणी फोनवर हा नकाशा उघडेल त्याच्यासमोर एक चौकट येणार: 'मोहटोला येथे क्रीडासंकुल आहे. ही माहिती बरोबर आहे का?' खाली दोन बटणे, 'हो' आणि 'नाही'. बहुमत होईल ते कायम.

"म्हनजे लोकाइले इचारनार?" धुरपताबाई म्हणाल्या.

"हो, मावशी. साऱ्याइले."

"मंग झालं आमचं काम. लोकं कायले खोटं सांगतीन?"

त्या इतक्या खुशीत घरी गेल्या की बसमध्ये त्यांनी कंडक्टरलाही 'नाही' दाबायला लावले. पुढचा महिना त्या बाईने जे केले ते निवडणुकीला उभे राहणाऱ्यांनी पाहावे. मोहटोल्यातले सगळे फोन गोळा झाले. ढिवरांची बोटे दिवसभर ओली असतात आणि ओल्या बोटाला फोन दाद देत नाही, म्हणून धुरपताबाई स्वतः पदराने एकेकाचा अंगठा पुसून दाबून घेत. एकोडीच्या बाजारात त्या मासळीसोबत पडताळणी करू लागल्या. भाव करणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी फोन काढायला सांगत. रंभाबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिच्या नातवाने तिला फोन धरून दिला तर तिने चौकट नीट वाचून घ्यायला लावली, मग पाळीवर जाऊन तलावाकडे एकदा पाहून आली आणि मगच बटण दाबले. तिचे मत मी आजवर पाहिलेल्या सर्व पंचनाम्यांत उत्तम समजतो.

भैय्याजींनी दिघोरीहून सारा गाव लावला. लिलाधरांनी कार्यालयीन वेळेनंतर स्वतःच्या फोनवरून 'नाही' दाबले. ज्योत्सनाताईंनीही दाबले असावे, मी विचारले नाही. महिनाअखेर 'नाही'च्या बाजूला साडेसातशे माणसे उभी राहिली. त्यांतल्या बहुतेकांनी त्या तलावात पाय धुतलेले होते, त्याचे पाणी धानाला घेतले होते किंवा त्यातले मासे खाल्ले होते. मोहटोल्याने गूळ-खोबरे आणून ठेवले.

'हो' म्हणणारे एक लाख बारा हजार निघाले.

यात कोणाचा डाव असेल अशी शंका काहींना आली, म्हणून समितीने तपशील मागवला. डाव नव्हता. नागपूर, पुणे, ठाणे, नाशिक असे सगळीकडचे लोक होते. कोणी मंगल कार्यालय शोधत होते, कोणी पेट्रोलपंप, कोणी रात्री उघडे राहणारे औषधांचे दुकान. मध्येच चौकट आली. मोहटोला कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते आणि ठाऊक करून घ्यायला वेळ नव्हता. 'नाही' म्हटले तर पुढे आणखी काही विचारतील, असे वाटले असावे. ते खरेच होते, पुढे 'का?' असे विचारले जाई. 'हो' म्हटले की चौकट जाई आणि पेट्रोलपंप दिसे. सरासरी दीड सेकंदात प्रत्येकाने निर्णय दिला. एवढ्या वेगाने निकाल देणारी दुसरी यंत्रणा देशात नाही, आणि तिचा अभिमान बाळगावा तेवढा थोडा आहे.

बहुमत झाले. नोंद कायम झाली. कायम नोंदीवर अपील नाही, कारण खुद्द जनतेने पडताळलेल्या गोष्टीवर कोणाकडे अपील करणार. ठेक्याचा अर्ज निकाली निघाला. आषाढात तलाव भरला तेव्हा त्यात कोणी बोटुकली सोडली नाही. क्रीडासंकुलात कोणी घुसू नये म्हणून एक रखवालदार नेमायचे ठरले, आणि गावात दुसरे काम नसल्याने ती जागा बुधरामांनी घेतली. त्यांना शिट्टी मिळाली आहे. पंचेचाळीसपैकी एकवीस घरे वीटभट्ट्यांकडे गेली, त्यांच्या दारांना तार गुंडाळलेली आहे.

गेल्या आठवड्यात मी मोहटोल्याला जाऊन आलो. समितीतर्फे नव्हे, असाच. धुरपताबाई पाळीवर बसल्या होत्या. त्यांनी मला चहा पाजला आणि बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर विचारले:

"गुरुजी, एक लाख लोकं म्हनजे लय झाले ना जी. कधी येऊन गेले असतीन ते? आमाले तं कोनी दिसला नाही."

मी पाण्याकडे पाहिले.

"येकदम नाही आले असतीन," त्याच पुढे म्हणाल्या. "येक येक करून आले असतीन. उन्हाळ्यात आले असतीन, पानी कमी राहाते तवा. त्याइले मैदान दिसलं असन. शिकलेले लोकं हायेत, पाहाल्याशिवाय थोडीच दाबतीन."

त्यांच्या मनात तुमच्याबद्दल राग नाही, हे कळवण्यासाठी हा सगळा प्रपंच. हो, तुमच्याबद्दलच. जून महिन्यात तुम्ही काहीतरी शोधत होतात, घाईत होतात, मध्ये एक चौकट आली होती. आठवत नसेल, एवढे काय काय लक्षात ठेवणार. तुम्ही येऊन, पाहून, मगच बटण दाबले असणार, अशी त्यांची समजूत आहे, आणि ती मोडण्याचे धाडस मला झाले नाही. तुम्हाला झाले तर जरूर जा. एकोडीहून फार लांब नाही. फक्त फोनला तलाव विचारू नका, सापडणार नाही. क्रीडासंकुल विचारा, ते तुम्हाला बरोबर पाण्यापाशी नेऊन सोडेल.